शेकाची खोली

३ नोव्हेंबर

काल तुळशीचं लग्न लावलं. ऊस महाग म्हणून एकाच कांडाचे दोन तुकडे करून मांडव केला, तुळस काही बोलली नाही. अंतरपाट मी धरते म्हणून अपेक्षाने हट्ट धरला. एक हात भिंतीला, एक हात अंतरपाटाला. पोरगी मंगलाष्टकं संपेपर्यंत उभी राहिली. शेजारची सीमा म्हणाली, "बघा, सून सुधारली तुमची." मी पदराआड बोटं मोडली.

आज तीच दृष्ट लागली. सकाळी गार होतं म्हणून तिला चांगलं कढत पाणी काढून दिलं, पाठ चोळली. उठायला गेली तर पाय उचलेनात. मोरीत बसून राहिली. डोळ्यांपुढे धुकं आलंय म्हणाली. मी आणि ह्यांनी धरून बाहेर आणली. गार लादीवर तासभर पडून राहिली तेव्हा कुठे पायात जीव आला. उद्यापासून पाणी आणखी कढत काढायचं. थंडी नसांत शिरली की असंच होतं.

तीन वर्षं झाली या आजाराला. नसांवरचं वेष्टन झिजतं, असं डॉक्टरांनी चित्र काढून सांगितलं होतं. विजेच्या वायरीवरचं रबर जातं तसं. राहुलशी लग्न होऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं. आता तिला पोटमाळ्याची शिडी चढवत नाही. राहुल वर झोपतो, ती खाली माझ्याशेजारी. हे गॅलरीत. भोईवाड्यातल्या या एका खोलीत मी सात माणसं झोपलेली पाहिली आहेत, त्या मानाने चौघांना ऐसपैस आहे.

९ नोव्हेंबर

रविवार. राहुलने मोबाइलवर एक फिल्म दाखवली. लाकडाची कपाटासारखी खोली, आत लाल उजेड, एक बाई घामाने निथळतेय आणि हसतेय. इन्फ्रारेड सॉना म्हणतात. घामावाटे अंगातलं विष निघून जातं. आजारी माणसं बरी झाली असं त्यात लिहून येत होतं. राहुल बोलताना कितीतरी दिवसांनी हसला. "आई, एवढं करून बघू. मग मी काही म्हणणार नाही."

अपेक्षा तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला उष्णता सोसत नाही, आई. डॉक्टरांनी पण सांगितलंय."

राहुल म्हणाला, "डॉक्टरांनी तीन वर्षांत काय केलं ते दिसतंय ना."

मला त्यात नवीन काही वाटलं नाही. राहुलच्या वेळी माझ्या सासूबाईंनी खाटेखाली शेगडी ठेवून मला सव्वा महिना शेकलं होतं. ओवा-बाळंतशेपांची धुरी. म्हणून आज साठीला मी दोन जिने चढते. तिला बाळंतपण नाही, शेक नाही. नसा कोरड्या राहिल्या. हे मी तिला बोलून दाखवलं नाही, इथेच लिहिते.

१५ नोव्हेंबर

लोअर परळला त्या यंत्रांच्या दुकानात गेलो. सगळी काच. तिथे पूर्वी गिरणी होती, ह्यांचे वडील साचेखात्यात होते. हे दारात उभे राहून वर बघतच बसले. म्हणाले, "अगो, माझो बापूस हंय घामान भिजायचो, त्याचो पगार मिळायचो. आता घाम येवक आपण पैशे द्यायचे." राहुल म्हणाला, "बाबा, प्लीज."

प्रिती नावाची मुलगी होती, डॉक्टरसारखा पांढरा कोट घातलेली. तीन प्रकार दाखवले. एक गोधडीसारखी पिशवी, आत झोपायचं आणि चेन ओढायची. मला ते बघवलं नाही, माणूस शेवटचा बांधतात तसं दिसत होतं. दुसरा तंबू, मुंडी तेवढी बाहेर. स्वस्त आणि घडी होते. पण प्लास्टिकचा वास इतका की मीच शिंकले. तिसरी ती लाकडी खोली, एका माणसाची. आत बाकडं, काचेचं दार, तांबडा दिवा. हात लावून पाहिला. लाकूड गुळगुळीत, वास देवळातल्या सभामंडपासारखा. मला तीच आवडली. देवळाचं लाकूड वाईट करत नाही.

प्रितीने विचारलं, "पेशंटला काय आहे, मॅम?"

"नसांचा आजार."

"मग तर बेस्ट! नर्व्ह्जसाठी आमच्याकडे खूप लोक येतात."

अपेक्षा म्हणाली, "मला हीट चालत नाही. एम.एस. आहे मला."

"ही हीट वेगळी, मॅम. बाहेरून नाही, आतून काम करते. सुरुवातीला थोडं वीक वाटेल, ते टॉक्सिन्स बाहेर येताना वाटतं. घाबरायचं नाही."

अपेक्षाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं तिला पटलं.

महिनाअखेरपर्यंत सूट आहे. तरीही माझी पोस्टातली ठेव मोडावी लागणार. ती मी गावच्या घराच्या कौलांसाठी ठेवली होती. मी एकटीने ठरवणार नाही. देवीला विचारीन.

१८ नोव्हेंबर

मंगळवार. गावच्या गुरवाला सकाळी व्हिडिओ कॉल लावला. आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन मोबाइलसमोर बसले. गुरवाने आमच्या गावदेवी पावणाईच्या मूर्तीला कौलाच्या कळ्या लावल्या आणि विचारलं, "वयनी, काय इचारूचा?"

मी म्हटलं, "शेकाचं यंत्र घरात आणू का, विचारा."

त्याने गाऱ्हाणं घातलं. मी आणि हे इकडून होय महाराजा म्हणत होतो. नेट मध्येच अडकलं, देवी चौकटी-चौकटीची झाली. पुन्हा दिसायला लागली तेव्हा उजवी कळी खाली पडली होती. गुरव म्हणाला, "उजवो दिल्यान."

मला रडू आलं. मागे वळून पाहिलं तर अपेक्षा भिंतीला धरून उभी होती. म्हटलं, "बाय, देवीने हो म्हटलं." तिने हात जोडले.

२४ नोव्हेंबर

यंत्र आलं. जिन्यावरून चढवताना मी जितक्या वेळा पावणाईचं नाव घेतलं, त्याहून जास्त शिव्या चार माणसांनी मला दिल्या असतील. ठेवायला जागा म्हणून ह्यांची दिवसा टेकायची खाट भंगारात दिली. हे म्हणाले, "बरा झाला, आता मेलंय तरी खाट शोधूची गरज नाय, ही पेटी आसा." मी कपाळावर हात मारला. कोपरा गेला, चालायची वाट एक माणूस आडवा होऊन जाईल इतकीच उरली. वायरमनला बोलावून मोठा प्लग बसवून घेतला. लावल्याबरोबर फ्यूज गेला आणि सीमाची मालिका बंद पडली. ती गॅलरीतून ओरडली, "काकी, सुनेला भाजताय की आम्हाला?"

फुलपात्रात पाणी घेऊन दाराला हळदकुंकू वाहिलं.

२५ नोव्हेंबर

पहिला शेक. राहुल उशिरा कामावर गेला, मुद्दाम थांबला. यंत्र तापलं तसा खोलीभर भाजल्या लाकडाचा वास सुटला, गावच्या चुलीसारखा. पाच-दहा मिनिटांतच अपेक्षाने काचेवर हात मारला. दार उघडलं तर तिला उठताच येईना. जीभ जड, शब्द ओढत होती. मी घाबरले, पण प्रितीने सांगितलं होतं ना, विष निघताना असं होतं. राहुलने तिला उचलून लादीवर ठेवलं. तो हरखला होता. "काम करतंय बघ आई."

ती तासाने उठली. संध्याकाळी जेवली नाही.

२७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, कहाणी वाचली.

काल दुसरा शेक झाला. तोच प्रकार, उलट जास्त. आज अपेक्षा म्हणाली, "आई, उद्यापासून मी माझी एकटीच बसते. तुम्ही समोर असलात की मला संकोच वाटतो. काचेला आतून टॉवेल लावते." बरोबर आहे. कपडे काढून बसायचं असतं, सासरा घरात. मी ह्यांना त्या वेळी गॅलरीत पाठवते.

२ डिसेंबर

देवी पावली! आज चार दिवस अपेक्षा दुपारी स्वतः आत जाते, पाऊण तास बसते, आणि आपल्या पायांनी बाहेर येते. पहिल्यासारखं पडणं नाही. टॉवेलच्या कडेने लाल उजेड दिसत राहतो आणि मी इथे जपाची माळ ओढत बसते. चेहराही हलका वाटतो. डोळे मात्र लाल होऊन सुजलेले असतात. विष डोळ्यांवाटे निघत असणार. टॉवेल कोरडाच असतो, म्हणजे अंगात घाम धरत नाही, सगळा आतल्या लाकडात जिरतो. चांगलं लाकूड आहे.

राहुलला सांगितलं. तो म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं?" वर जाताना शिडीवरून शीळ घालत होता.

५ डिसेंबर

बाजारात कोथिंबीर इतकी महाग की आठवडाभर कढीपत्त्यावर भागवायचं ठरवलं.

अपेक्षाला विचारलं, आत एवढा वेळ काय करतेस. म्हणाली, "काही नाही आई. बसते." पूर्वी ही पोरगी बडबडी होती, कणकवलीच्या कॉलेजात नाटकात कामं करायची. आजारात माणूस शहाणं होतं.

११ डिसेंबर

तिसरा गुरुवार. आज ते सहामाही इंजेक्शन होतं, हॉस्पिटलात दिवसभर ठेवून सलाईनमधून देतात ते. ते महाग, आणि ठेव मोडून झाली आहे. काल रात्री जेवताना राहुल म्हणाला, "आता गरज काय? पाय सुधारलेत. तो सगळा केमिकलचा मारा अंगात घालायचा आणि इकडे घामाने काढायचा, याला काय अर्थ? दोन-तीन महिने थांबून बघू."

अपेक्षा हळूच म्हणाली, "चुकवायचं नाही म्हणाल्या होत्या डॉक्टर."

"तुला बरं वाटतंय ना? तूच सांगतेस ना आईला?"

तिने तोंड उघडलं. मग देव्हाऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ताटातला भात चिवडत राहिली. राहुल म्हणाला, "झालं तर मग."

ह्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली. म्हणाले, "राहुल्या, तिका काय बोलाचा हा, ता बोलांदे." ती म्हणाली, "काही नाही बाबा."

मलाही थांबणं बरं वाटलं. देवीने कौल दिला असताना पुन्हा सुया टोचणं म्हणजे तिच्यावर अविश्वास. आज हॉस्पिटलात फोन करून दिवस रद्द केला. फोनवरच्या बाईने दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की.

२६ डिसेंबर

लिहायला काही नाही. अपेक्षा आज आतून बाहेर यायला खूप वेळ लावत होती. टकटक केलं. "आलेच," म्हणाली. आवाज भिजल्यासारखा. शेकाने सर्दी सुटली वाटतं.

१५ जानेवारी

काल संक्रांत, आज आमच्याकडे हळदीकुंकू. चाळीतल्या बायका आल्या. एवढी मोठी पेटी मध्येच उभी, बायका वळसे घालून बसल्या. सगळ्यांना यंत्र बघायचं. सीमा आत बसून आली. "काकी, आपला संडास पण एवढा स्वच्छ नाय!" हसून हसून पुरेवाट.

काळी साडी नेसून अपेक्षा कुंकू लावत होती. सीमाच्या कपाळाला लावायचं ते भुवईवर लावलं. सगळ्या हसल्या. दुसरीला लावलं ते नाकाच्या शेंड्याशी. पुन्हा हसल्या, म्हणाल्या, नाटकवाली आहे, नाटक करते. अपेक्षाही हसत होती. पण करंडा खाली ठेवताना तिने आधी हाताने चौरंग चाचपला. मी पाहिलं.

सगळ्या गेल्यावर विचारलं. म्हणाली, "डाव्या डोळ्याने काल सकाळपासून दिसत नाही, आई. सण होता म्हणून बोलले नाही."

१७ जानेवारी

हॉस्पिटलात दाखल केलं. हात पण एक जड आहे, कमरेखाली मुंग्या. तीच डॉक्टरीण, चित्र काढून देणारी. इंजेक्शन चुकवलं कळल्यावर ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. तिने फाइल मिटली आणि राहुलकडे बघून विचारलं, "कोणी सांगितलं?"

राहुल म्हणाला, "ती बरी वाटत होती."

मी मध्ये बोलले. शेकाने पाय सुधारले होते, असं सांगितलं. ती म्हणाली, "या आजारात उष्णतेने नसा आणखी मंदावतात, आजी. थंड केलं की परत येतात. पहिल्या दिवशीच यांना सांगितलं होतं मी. शेकाने पाय सुधारूच शकत नाहीत."

मग सुधारले कसे, असं मला विचारायचं होतं. अपेक्षाने डोळे मिटून घेतले होते, म्हणून नाही विचारलं.

२१ जानेवारी

मोठ्या डोसची औषधं चालली आहेत. डोळा अजून अंधारात. राहुल दिवसभर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसतो. आत कमी जातो.

आज घरी एकटी होते. गुडघे ठणकत होते. म्हटलं, यंत्र पडूनच आहे, आपण शेकून घेऊ. आत बसले. दोन बटणं आहेत, हे मला माहीत नव्हतं. एक दाबलं तर लाल दिवा लागला. बसले, बसले, काही तापेना. लाकूड गारच. मग दुसरं दाबलं. थोड्या वेळाने तो वास सुटला, भाजल्या लाकडाचा, चुलीसारखा, पहिल्या दोन दिवसांत आला होता तो.

त्यानंतर तो वास घरात कधी आला नाही. मी रोज बाहेर माळ ओढत बसायचे. कधी आला नाही.

दोन्ही बटणं बंद केली. बाकड्याखाली हात गेला तर रुमाल सापडले. माझेच जुने, सुती. एकमेकांत गुंडाळून कोपऱ्यात सारलेले, सुकून कडक झालेले. मी तिथेच बसून राहिले. दार लावलेलं होतं. गॅलरीत पोरं खेळत होती त्यांचे आवाज लांबून यावेत तसे येत होते. एवढ्या वर्षांत या खोलीत मला असं कुठे बसता आलं होतं, आठवेना. मोरीला पडदा. संडास सगळ्यांचा. तिला वर चढवत नाही. खाली माझ्याशेजारी झोपते, आणि माझी झोप सावध.

रुमाल धुतले. कोणाला काही सांगितलं नाही.

२७ जानेवारी

गुरवाला फोन केला. रागातच होते. म्हटलं, देवीने उजवा दिला आणि माझ्या सुनेचा डोळा गेला.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वयनी, तुमी इचारलात यंत्र आणूचा काय. देवी म्हणाली आणा. सून बरी होतली काय, ह्या तुमी इचारूकच नाय."

खरं आहे. तो प्रश्न मी तेव्हा मनात आणला होता. डावी कळी पडली असती तर काय केलं असतं, म्हणून तोंडात आणला नाही. आणि देवीला विचारायला मी गावापर्यंत पोचले, आणि जिचं अंग, ती माझ्या मागेच दोन हातांवर भिंतीला धरून उभी होती.

२ फेब्रुवारी

अपेक्षा घरी आली. काठी आहे. डाव्या डोळ्याने उजेड-अंधार एवढंच कळतं, पुढचं सांगता येत नाही म्हणाले. इंजेक्शन पुढच्या आठवड्यात. त्यासाठी मी पाटल्या दिल्या. राहुल म्हणाला, ती पेटी विकून टाकतो, गिऱ्हाईक बघतोय. मी म्हटलं, राहू दे. तो भडकला. "आता काय पूजा करायची आहे तिची?" मी म्हटलं, हो.

ह्यांना सांगून मोठा प्लग काढून घेतला. तारेचं तोंड चिकटपट्टीने बंद केलं. हे म्हणाले, "मगे हेचा करूचा काय?" मी म्हटलं, असू दे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. चाळीस वर्षांत हा गुण त्यांच्यात आला आहे.

४ फेब्रुवारी

दुपारी घरात आम्ही दोघीच. मी तिच्यापुढे रुमालांची घडी ठेवली. धुऊन इस्त्री केलेले. तिने चाचपून पाहिले. कळलं तिला.

म्हणाली, "आई, मी खोटं बोलले. पहिल्या दोन वेळी वाटलं, मी मरणार. पण तुम्ही ठेव मोडली होती. देवीने सांगितलं होतं. आणि राहुल खूश होता." तिने घडीवरून बोट फिरवलं. "आणि आत दार होतं."

बोलायला गेले असते तर मीच रडले असते आणि तिला मला समजवावं लागलं असतं. सारखं तेच करत आली आहे ती.

शेवटी म्हटलं, "बाय, तुला काय हवंय?"

खूप वेळ विचार केला तिने. एवढा विचार करावा लागतो म्हणजे कोणी विचारलंच नसेल. मग म्हणाली, "आतून कडी लावून द्याल?"

"कडी नको. आत पडलीस तर? मी बसते बाहेर. कोणाला येऊ देणार नाही."

११ फेब्रुवारी

काल इंजेक्शन झालं. दिवसभर खुर्चीत बसून होती, राहुल शेजारी होता. या खेपेला आत बसला, बाकावर नाही. येताना टॅक्सी केली, मी हिशेब विचारला नाही.

आज दुपारी अपेक्षा काठी टेकत पेटीत गेली, दार ओढून घेतलं. लाल दिवा आता लागत नाही. मी दाराला पाठ लावून तांदूळ निवडायला बसले. काचेचा गारवा पाठीला लागत होता. आतून सुरुवातीला काही आवाज नव्हता, मग आला. मी सूप जरा जोरात पाखडलं.

सीमा आली. "काकी, अपेक्षा दिसत नाही कुठे?"

समोर देव्हारा. दिवा लावलेला. पावणाईचा फोटो सरळ माझ्याकडे बघत होता. आयुष्यात त्या फोटोसमोर मी खोटं बोलले नव्हते.

म्हटलं, "शेक घेतेय. तासाभराने ये."